‘मरीन ग्रेड’ नांगराचा सेट घेताय? आधी हे वाचा

साताऱ्या-सांगलीकडचे जे कोण छोटी बोट घेऊन धरणात जातात त्यांनी हे वाचाच. फोनवर व्हिडिओ पाठवून एक जण ‘मरीन ग्रेड’ म्हणजे समुद्रातही टिकेल असं सांगून बोटीचा नांगर, साखळी, दोरी असा सेट विकतोय. "साहेब, चिखल असू दे नायतर खडक, एकदा टाकला की हत्तीनं ओढला तरी हलणार नाय." पैसे आधी, माल नंतर.

मी मागवला. आला काय, तर छत्रीसारखा मिटणारा चार फाळांचा नांगर! हा खडकाच्या फटीत नायतर बुडालेल्या झाडात अडकला तर धरतो, मऊ गाळात नुसता खरवडत येतो, तिथं रुंद पात्यांचाच पाहिजे. बामणोलीजवळ कोयना धरणाच्या शिवसागरात टाकला, खाली सगळा गाळ, दुपारनंतर वारा सुटला आणि बोट निघाली मागं मागं, भावजी ओरडले तोवर तळ दगडांना घासला पण. नांगर वर ओढला तर फाळांना गाळाचा नुसता लेप.

घरी आल्यावर बाकीचं तपासलं. दोरी म्हणे नायलॉन! तुकडा बादलीत टाकला तर मस्त तरंगतोय, नायलॉन बुडतो राव. ही साधी पॉलिप्रॉपिलीनची, उन्हात लवकर कुजते आणि नायलॉनइतकी ताणत नाही, म्हणजे लाटेचा झटका सरळ नांगराला. 30 मीटर सांगितलेली, टेपनं 21 भरली. आता हिशोब बघा, पाणी 4 मीटर, बोटीचं तोंड पाण्यापासून 1 मीटर वर, झाले 5, ओढ आडवी राहायला त्याच्या निदान पाचपट दोर सोडायचा म्हणजे 25, आणि वारा असला की सातपट, 35. 21 मध्ये काय होणार, कपाळ?

साखळी तर कहरच. ओढ तळाशी आडवी राहावी, पातं रुतावं म्हणून ती असते, त्यामुळं वजनदार लागते. हिला गॅल्वनाइज (जस्ताचा थर दिलेली) म्हणून नुसता चंदेरी रंग फासलेला, खिळ्यानं खरवडलं की खाली गंज, आणि एका कडीचं वेल्डिंग एवढं टिकलीएवढं की पक्कडनं कडी उघडली.

बिलावर नुसतं ‘हार्डवेअर सामान’, फोन केला तर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकलीय, त्याचे व्हिडिओ आणि चॅट जपून ठेवलेत म्हणून बरं. परवा तोच व्हिडिओ दुसऱ्या नंबरवरून आलाय, आता खाली ‘इम्पोर्टेड’ लिहिलंय आणि भाव वाढवलाय.