अँकीड्रॉइडवर जपानी: अ‍ॅपला पाच स्टार, त्याच्या मूळ सेटिंगला दोन

अँकीड्रॉइड म्हणजे शब्द पाठ करायचं अ‍ॅप, कार्डाच्या पुढे शब्द, मागे अर्थ, आणि तेच कार्ड काही दिवसांनी उजळणीला परत येतं. आधी पैशाचं सांगून टाकते, अँड्रॉइडवर हे पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत, नेट नसलं तरी चालतं. आयफोनवाल्यांना विकत घ्यावं लागतं आणि तिथे नावात अँकी असलेली भलतीच अ‍ॅप पण दिसतात, तेव्हा डोळे उघडे ठेवून घ्या. अँकी हा शब्द जपानीच, अर्थ पाठांतर. आता पाठांतराचं अ‍ॅप म्हटल्यावर त्यात सेट काय करायचंय असं मलाही वाटलं होतं, तिथेच फसले.

एन-फाईव्हच्या, म्हणजे जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेच्या पहिल्या पातळीच्या वेळी उत्साहात २००० शब्दांचा तयार डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, उतरवला आणि सेटिंगला हात न लावता सुरू केलं. मुळात रोज २० नवीन कार्डं असतात. पहिला आठवडा मजेत, कारण जुनी कार्डं अजून परत आलेलीच नसतात ना! तिसऱ्या आठवड्यात रोजची उजळणी १७० वर गेली, त्यात मावसबहिणीचं लग्न आलं, चार दिवस फोनला हात नाही. परत उघडलं तर २०० दाखवत होतं, म्हटलं ठीक आहे, बसून उडवू. उडवली. दुसऱ्या दिवशी परत २००. तिसऱ्या दिवशी परत तेवढीच! मग कळलं की २०० ही रोजच्या उजळणीची कमाल मर्यादा आहे, खरा ढीग तिच्या मागे लपलेला. आता मी नवीन ८ वर ठेवलीत आणि उजळणीची मर्यादा ९९९९ करून टाकली, म्हणजे जे काय देणं आहे ते समोर दिसतं. परीक्षावाले शब्दांची अधिकृत यादी देत नाहीत पण पुस्तकं एन-फाईव्हला साधारण ८०० शब्द धरतात, रोज ८ ने सव्वातीन महिन्यांत होतात की, घाई कसली.

दुसरी चूक हार्ड बटणाची. उत्तराखाली चार बटणं येतात, अगेन, हार्ड, गुड, ईझी. शब्द आठवला नाही की मी हार्ड दाबायचे, अगेन दाबताना उगाच नापास झाल्यासारखं वाटतं म्हणून. पण अ‍ॅपच्या लेखी हार्ड म्हणजे पास, घाम फुटला पण आठवलं. परिणाम असा की न येणारे शब्द आरामात आठवडाभर सुट्टीवर जायचे आणि परत आले की मी आणि ते एकमेकांना ओळखतच नाही. आता फक्त अगेन आणि गुड वापरते, डावीकडे सरकवलं की अगेन, उजवीकडे गुड, असं सेटिंगमध्ये लावून घेतलंय, बसमध्ये एका हाताने दांडी धरून जमतं.

ही सवय लागल्याशिवाय एफएसआरएस, म्हणजे कार्ड परत कधी दाखवायचं ते ठरवायची नवी पद्धत, चालू करू नका. डेकच्या ऑप्शनमध्ये त्याचा स्विच आहे. जुनी पद्धत १९८७ च्या एका सूत्रावर उभी आहे, सगळ्यांना सुरुवातीला एकच मोजमाप, ही नवी पद्धत तुमचीच मागची उत्तरं बघून पुढच्या तारखा ठरवते. म्हणजे हार्डचा खोटेपणा केला असेल तर तोच ती शिकणार. त्यात किती टक्के लक्षात राहायला हवं ते विचारतात, मुळात ९० असतं. मी लोभापायी ९५ केलं आणि उजळणी एवढी फुगली की दोन आठवड्यांत गपचूप ८८ वर आले. महिन्यातून एकदा ऑप्टिमाइझ दाबायचं, म्हणजे ती पद्धत तुमच्या उत्तरांवरून स्वतःला नव्याने जुळवून घेते, बाकी त्यात नाक खुपसू नका.

कांजीची, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्राक्षरांची भानगड मला सर्वात उशिरा कळली. नाओसु म्हणजे दुरुस्त करणं, त्याची कांजी मी फोनवर बघून वहीत गिरवली आणि सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या जपानीच्या शिक्षकांनी, विचारलं हे चिनी वळण कुठून आणलं? जपानीत त्याच्या खाली डावीकडे एक काटकोन असतो, माझ्यात नव्हताच. होतं असं की युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या कॉम्प्युटरच्या यादीत, अशा अक्षरांना चिनी आणि जपानी दोन्हींसाठी एकच क्रमांक आहे आणि भाषा सांगितली नाही तर फोन चिनी वळण उचलू शकतो. उपाय सोपा, फोनच्या भाषांच्या यादीत मराठी इंग्रजीच्या खाली जपानी घाला आणि कार्डाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे साच्यात, भाषा जपानी आहे एवढी एक ओळ टाका. दुरुस्त करणे हाच शब्द बिघडलेला निघावा, काय बोलणार!

टेम्प्लेटचं सगळं काम लॅपटॉपवर करा, फोनवर डोळे जातात. फुरिगाना, म्हणजे कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरात दिलेला उच्चार, पण तिथेच लावा, कांजीच्या पुढे चौकटी कंसात हिरागाना, म्हणजे जपानीची साधी उच्चाराची लिपी, लिहायचं, आणि कांजीच्या आधी एक स्पेस, ती विसरलात तर मागच्या अक्षरांच्या डोक्यावर पण चढतं. पुढच्या बाजूला नुसती कांजी, मागे फुरिगाना. पुढेच फुरिगाना ठेवलं तर डोळे कांजीकडे ढुंकूनही बघत नाहीत, स्वानुभव.

अर्थ मात्र मराठीत लिहा, प्लीज. तयार डेकमधले इंग्रजी अर्थ मी हळूहळू खोडतेय. तोमोदाचि नि आगेरु म्हणजे मैत्रिणीला देणं, गाक्को नि इकु म्हणजे शाळेला जाणं, दोन्हीकडे जपानी नि म्हणजे आपला 'ला', इंग्रजीतून घोकत बसायचं कशाला? पण उच्चार देवनागरीत लिहू नका, मी लिहिले आणि पस्तावले. त्सु सोपा आहे, आपल्या चुन्यातला चु, पण बिरु म्हणजे बिल्डिंग आणि बीरु म्हणजे बिअर, आणि आपण ऱ्हस्वदीर्घ लिहिताना पाळतो, बोलताना कोण पाळतं. त्यापेक्षा आवाज लावा, फोनमध्ये जपानी आवाज उतरवून घेतला की अ‍ॅप कार्ड वाचून दाखवतं. एन-फाईव्हला १८० पैकी ८० ला पास असलं तरी ऐकण्यात ६० पैकी १९ वेगळे लागतात, ते नाही मिळाले तर बाकीचे गेले पाण्यात.

तक्रारी? दिसायला सरकारी फॉर्मसारखं आहे. व्याकरण शिकवत नाही. लॅपटॉप आणि फोन दोन्हीकडे वेगवेगळे बदल केले तर कधीकधी सिंक करताना कुठली बाजू ठेवू असं विचारतं, मी घाईत उलटी निवडली, आठवड्याची उजळणी उडाली, आपोआप झालेला बॅकअप होता म्हणून वाचले. बोटाने लिहायला व्हाइटबोर्ड आहे, चांगला आहे, पण जेएलपीटीत हाताने लिहायचं काहीच नसतं म्हणून मी बंद ठेवलाय. सेन्सेईंना सांगू नका.

डिसेंबरात पुढची पातळी, एन-फोर, आहे. सध्या कोथरूडहून हिंजवडीला जाताना चांदणी चौक ते वाकड एवढ्यात उजळणीची ७०-८० कार्डं उरकतात, ट्रॅफिक असेल तर नवीन आठही.