मुंबईत एअर-कूल्ड बीटल: पावसाळ्यासकट वापरून झाल्यावर

गाडी 1960 च्या दशकाच्या अखेरची फोक्सवॅगन बीटल 1300 आहे. 1285 सीसीचं फ्लॅट-फोर (दोन-दोन सिलिंडर आडवे समोरासमोर) इंजिन, सोलेक्सचा एकच कार्बोरेटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. वापर रोजचा नाही, पण शोपीसही नाही. आठवड्यातून काही वेळा उपनगरातून दक्षिण मुंबई, क्वचित घाट, आणि मधे अख्खा पावसाळा.

एअर-कूल्डच हवी असेल तर पोर्श 911 का नाही, हा प्रश्न हमखास येतो. 911 ची हवेवर थंड होणारी शेवटची पिढी, म्हणजे 993, 1998 मध्ये बंद झाली, आणि त्या पूर्णविरामाने जगभरचे भाव वर नेले. 1973 च्या कॅरेरा आरएस 2.7 सारख्या गाड्या तर मुळातच 1,580 बनल्या. आपल्याकडची टंचाई मात्र आयात नियमांची आहे. वापरलेली गाडी आणायची तर ती 3 वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. व्हिंटेज म्हणून आणायची तर पूर्वी 1950 च्या आधीची लागे, आता 50 वर्षं पुरी झालेली लागते. म्हणजे 1995 ची 993 सेकंडहँड म्हणून फार म्हातारी आणि व्हिंटेज म्हणून फार पोरसवदा. तिचा नंबर 2045 मध्ये. कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयात परवान्यावर आलेली गाडी मुदतीत परत न्यावी लागते. इथे आधीपासून असलेल्या मोजक्या 356 आणि 911 विक्रीला क्वचितच येतात, आणि आल्याच तर जाहिरातीआधी हात बदलतात.

बीटलची गोष्ट उलटी. 2003 मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्लाला शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत 2,15,29,464 बनल्या. तरीही मुंबईत चांगली बीटल सहज मिळत नाही. भाव ठरतो तो आधी कागदांवर, मग पत्र्यावर. इंजिनची पाळी शेवटी, आणि विकणारा नेमकं इंजिनचंच कौतुक ऐकवत असतो.

कागदांपासून सुरुवात करा. एमआर, एमएम अशा जुन्या मालिकेचा नंबर, चालू आरसी, पर्यावरण कर भरलेला आणि फिटनेसची मुदत शिल्लक, एवढं असलेली गाडी जास्त पैसे देऊन घ्यावी. 2021 च्या नियमांनी आलेली व्हिंटेज नोंदणी बऱ्याच जणांना शॉर्टकट वाटते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरणाला 5,000, नंबरात 'व्हीए'. पण ही नोंदणी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीपुरती आहे. ऑफिसला न्यायला ती गाडी नाही, त्यामुळे 'व्हीए करून देतो' म्हणणाऱ्याला साध्या चालू आरसीचा भाव देऊ नका.

चेसिस नंबर मागची सीट उचलून फ्लोअरच्या मधल्या उंचवट्यावर (बोगद्यावर) पाहा, इंजिन नंबर डायनॅमोच्या स्टँडखाली. बीटलचं इंजिन चार बोल्टवर उतरतं, म्हणून गेल्या पन्नास वर्षांत बहुतेक गाड्यांची इंजिनं बदललेली असतात. बदललं असेल तर हरकत नाही, पण ती नोंद आरसीवर हवी. पासिंगच्या वेळी हाच आकडा गाडी अडवतो.

आता पत्रा. दारांखालचे पोकळ हीटर चॅनेल हा या गाडीचा कणा. बॉडी फ्लोअरला इथेच बोल्टने बसते, आणि मुंबईच्या दमट, खारट हवेत गंज इथूनच धरतो. वरून पोटीन आणि रंग मारून दाराखालची रेषा गुळगुळीत दिसते, म्हणून चुंबक जवळ ठेवा आणि तळाशी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. दुसरी जागा मागच्या सीटखाली, बॅटरीच्या तळाचा पत्रा. तिसरी स्टेपनीचा खड्डा. चौथी पुढची फ्रेमहेड, जिथे फ्रंट बीम, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनची आडवी तुळई बसते. ती कुजलेली असेल तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नये. चॅनेल बदलताना दारांच्या चौकटीत आतून आडवे पाइप वेल्ड करून मगच जुना पत्रा कापायचा, नाहीतर बॉडी बसते आणि दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. हे काम इंजिन उघडून बांधण्यापेक्षा महाग पडतं आणि करणारे हात कमी आहेत.

मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गरम होत नाही का? टिन, म्हणजे हवा इंजिनभोवती वळवणारे पत्रे, पूर्ण असेल तर भीती वाटते तितकी नाही. फॅन पट्ट्यावर चालतो, त्यामुळे आयडलला हवा कमी मिळते हे खरं, पण तेव्हा इंजिन उष्णताही कमीच तयार करतं. गरम होणाऱ्या बहुतेक बीटलमध्ये सिलिंडरांभोवतीचे पत्र्याचे तुकडे गहाळ असतात, किंवा इंजिन आणि बॉडीमधली रबरी पट्टी गेलेली असते. मग खालची, सायलेन्सरची तापलेली हवा फॅन पुन्हा आत ओढतो. गॅरेजमध्ये इंजिन उतरलं की 'हा पत्रा उगाच आहे' म्हणून काही तुकडे बाजूला राहतात. परत चढवताना एकेक मोजून घ्या. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही सगळीकडे मिळतो, तो ऐकू नका. छोट्या फेऱ्यांत तेल तापतच नाही आणि ऑइल फिलरच्या झाकणाखाली पिवळट मलई साचते.

खरा त्रास टॉप गिअरमध्ये कमी आरपीएमवर फ्लायओव्हर चढवण्याचा. इंजिनवर लोड आणि फॅन हळू. तिसऱ्यात उतरा, आवाज वाढू द्या.

या वर्षांच्या इंजिनात ऑइल कूलर फॅनच्या आवरणातच, तीन नंबरच्या सिलिंडरच्या वाटेत असतो, त्यामुळे तीन नंबरला उरलेली तापलेली हवा मिळते. म्हणून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचं अंतर वेळेवर लावणं, हा इथला धर्म आहे. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभं. नंतरच्या शिफारशीप्रमाणे 0.15 मिमी, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींना. एक नंबरचा पिस्टन टीडीसीला, म्हणजे सर्वांत वरच्या टोकाला आणा, मग पुली 180 अंश उलटी फिरवत गेलात तर एक-दोन-तीन-चार असा सोपा क्रम मिळतो. दर 5,000 किमीला. तीन नंबरच्या एक्झॉस्टचं अंतर प्रत्येक वेळी कमी झालेलं सापडत असेल, तर व्हॉल्व्ह लांबतोय किंवा व्हॉल्व्हची सीट हेडमध्ये खोल बसतेय. नुसतं पुन्हा सेट करून पुढे जाऊ नका, हेड उघडा. तुटलेला व्हॉल्व्ह पिस्टनसकट सगळं घेऊन जातो.

तेल फक्त 2.5 लिटर, आणि कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी. 20डब्ल्यू-50 मिनरल मुंबईला ठीक चालतं. बदलताना जाळीच्या प्लेटचे सहा छोटे नट नवीन कॉपर वॉशर टाकून जेमतेम 7 न्यूटन-मीटरला आवळायचे. ट्रकचे नट आवळावेत तसे आवळणारा मेकॅनिक स्टड इंजिनच्या केसमधून (बाहेरच्या कवचातून) उपटतो, आणि मग ती गळती जन्माची.

पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण 15 मिमी आत जायला हवा. ताण पुलीच्या दोन अर्ध्यांमधल्या वॉशरने ठरतो: आतला एक काढून बाहेर लावला की पट्टा घट्ट. 21 चा पाना, एक जाड स्क्रूड्रायव्हर आणि जादा पट्टा डिकीत कायम. डॅशवरचा लाल दिवा चालू गाडीत पेटला तर पट्टा तुटला समजा आणि जिथे असाल तिथे थांबा, मग ती सी-लिंक असो.

ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करतात. पहिला रबराचा: पेट्रोलचे जुने कापडी वेष्टनाचे होज आतून फुगतात, चिरतात, आणि ते ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या शेजारी असतात. बीटल जळतात त्या अशाच. 5 मिमी आतल्या व्यासाचे, आर9 या इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाचे होज, प्रत्येक टोकाला क्लिप, आणि फिल्टर इंजिनच्या खोलीत नाही तर टाकीखाली. कार्बोरेटरची पितळी पेट्रोल नळी बोटाने हलवून बघा. ती नुसती दाबून बसवलेली असते आणि सुटली की पेट्रोल थेट गरम इंजिनवर. दुसरा प्रश्न मिश्रणाचा: इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), म्हणजे इंजिन आणखी तापतं. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र, 125 चा 130 केल्यावर क्षेत्रफळ सुमारे 8 टक्के वाढतं, आणि लागतं साधारण तेवढंच. गाडी गचके देणं थांबलं, प्लगचा पांढरेपणा गेला.

गरम गाडी दहा मिनिटं उभी करून पुन्हा सुरू करताना अजूनही नखरे होतात. पेट्रोल पंपाखालचा, उष्णता अडवणारा बेकेलाइटचा ठोकळा जागेवर असेल तर कमी.

पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतली वाफ ई20 मध्ये उतरते आणि टाकी आतून गंजते. ड्रम भिजले की गाडी एका बाजूला ओढते, हलका ब्रेक दाबत थोडं चालवल्यावर सुकतात. ब्रेक ऑइल वर्षाला बदला. पाणी साचलेल्या सबवेत घालायची तर गाडी घेऊच नका. मागच्या सीटखालच्या बॅटरीवर झाकण हवंच: जाड माणूस मागे बसला की सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकतात आणि सीटमधला काथ्या पेटतो.

सुटे भाग मिळण्याबाबत तक्रार नाही. पॉइंट, प्लग, केबल, गॅस्केट परदेशातून सहज येतं, ड्युटी भरायची तयारी हवी. काही चालू वस्तू ऑपेरा हाउसच्या दुकानांत, तर कधीकधी अस्सल टिन कुर्ल्याच्या भंगारात सापडतं, आणि ते नव्या पातळ नकलेपेक्षा बरं बसतं. अडचण उजव्या स्टीअरिंगच्या भागांची: पेडल क्लस्टर, स्टीअरिंग बॉक्स, डॅश. हे गाडीत नसतील किंवा मोडके असतील तर भावातून घसघशीत कापा.

इंजिन तपासायला दोन मिनिटं पुरतात. बंद इंजिनची पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढा. एंड-प्ले, म्हणजे क्रँकशाफ्टची पुढे-मागे हालचाल, 0.07 ते 0.15 मिमी असतो, म्हणजे हाताला जवळजवळ जाणवत नाही. 'टक' असा आवाज आला तर इंजिनची केस उघडावी लागणार. तो खर्च किमतीतून वजा करा आणि बाकी कागद-पत्रा ठीक असेल तर तरीही गाडी घ्या.