रोडस्टर की जीटी? जुनी एमजीबी घेऊ पाहणाऱ्यांसाठी

भारतात एमजी म्हटलं की आता हेक्टर डोळ्यापुढे येते. तीही एमजीच, बिल्लाही तोच अष्टकोनी. पण इथे बोलायचंय ते ऑक्सफर्डजवळच्या अबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबीबद्दल. पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे ब्रिटनमध्ये आजही चांगली एमजीबी शोधणं फार अवघड नाही. इथे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणाला ना कुणाला दर उन्हाळ्यात ती घ्यायची हुक्की येते. मग प्रश्न ठरलेला असतो: छप्पर उघडणारी रोडस्टर घ्यावी की काचेच्या मागच्या दाराची जीटी?

माझं मत आधीच सांगून टाकते. घरात पोरं असतील, गॅरेज नसेल आणि गाडी वर्षभर चालवायची असेल तर जीटी घ्या. रोडस्टर घ्यायची ती दुसरी गाडी म्हणून, डोक्यावर छप्पर असलेल्या जागेत ठेवायला. आणि दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी पैसे पत्र्यासाठी मोजा. साल, रंग, बंपर हे सगळं नंतर.

मला ही गाडी का आवडते, हेही सांगायला हवं, कारण निवड त्यावरच ठरते. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, विल्यम मॉरिस यांचा ऑक्सफर्डमधला गाड्या विकण्या-दुरुस्त करण्याचा धंदा. तिथले मॅनेजर सेसिल किंबर यांनी १९२०च्या दशकात मॉरिसच्या साध्या गाड्यांचं सामान घेऊन त्यावर देखणी, चपळ बॉडी चढवायला सुरुवात केली. पुढे कंपनी कितीही हातांतून फिरली तरी अबिंग्डनची ही रीत सुटली नाही. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन 'बी सीरिज' घराण्यातलं. याच घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बॅसिडरमध्ये होतं आणि एमजीबीच्या आधीच्या एमजीएमध्येही. वडिलांना किंवा ड्रायव्हरकाकांना ॲम्बॅसिडरच्या बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर परकं वाटणार नाही. फरक इतकाच की इथे एसयूचे दोन कार्बोरेटर आहेत आणि इंजिनाकडून जरा जास्त काम काढून घेतलंय.

म्हणूनच ही गाडी काचेच्या कपाटात ठेवण्याच्या लायकीची नाही, आणि हे मी कौतुकानं म्हणतेय. ती दुधाच्या गाडीसारखी रोज बाहेर काढली तर तब्येत चांगली ठेवते. उभी ठेवली की ब्रेक चिकटतात, पेट्रोलचे रबरी पाइप तडकतात, बॅटरी उतरते. तेव्हा दोन्हींपैकी तुमच्याकडून जास्त चालवली जाईल ती घ्यायची.

आता रोडस्टर. मे महिन्यातली संध्याकाळ, कॉट्सवोल्ड्समधले दोन्ही बाजूंना झाडं असलेले अरुंद रस्ते, हूड (कापडी छप्पर) खाली. तिसऱ्या गिअरमध्ये एक्झॉस्टचा जो घरघरता आवाज येतो, तो जीटीत बसून अर्धाच ऐकू येतो. या बाबतीत वाद नाही, रोडस्टर जिंकते. पण ब्रिटनमधलं हवामान माहीतच आहे. हूड चढवलं की आत अंधार होतो, मोटरवेवर कापड फडफडतं, शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं आणि बहुतेक जुन्या गाड्यांत काचेच्या वरच्या कोपऱ्यातून एखादा थेंब गुडघ्यावर पडतोच. रस्त्यावर उभी करायची तर कापडाचं हूड ब्लेडनं फाडायला वेळ लागत नाही. मागे सामान ठेवायला जागा आहे, माणूस बसवायला नाही.

जीटी १९६५मध्ये आली. छपराच्या रचनेला इटलीच्या पिनिनफरिनाचा हात लागलाय आणि तो दिसतो. पुढची काच रोडस्टरपेक्षा उंच आहे, त्यामुळे उंच माणसाच्या डोळ्यांसमोर काचेची वरची चौकट येत नाही. मागचं दार काचेसकट वर उघडतं. आठवड्याचा किराणा, तंबू, पोराची घडीची सायकल, सगळं मावतं. मागे एक बाक आहे. त्यावर मोठ्या माणसाला बसवणं म्हणजे शिक्षा, पण सात-आठ वर्षांचं मूल मजेत बसतं. (मागे पट्टे बसवलेत का, हे घेण्याआधी बघा, बऱ्याच गाड्यांत मुळात नव्हतेच.) वजनाला जीटी शंभरेक किलोनं जड, म्हणून उचल किंचित मंद. पण दोन्ही गाड्या पुरत्या ताणल्या तर ताशी शंभर मैलांच्या थोड्याशाच वर जातात, तेव्हा या फरकावर रात्र जागवू नका. मोटरवेवर तर जीटीच बरी वाटते: शांत, सरळ, उबदार.

किमतीतही जीटीच स्वस्त. तशाच तब्येतीच्या रोडस्टरपेक्षा बरीच स्वस्त, कारण बहुतेकांना उघडीच गाडी हवी असते. हा बाजाराचा वेडेपणा आहे, आपल्या पथ्यावर पडणारा.

जीटीची एक खोड मात्र रोडस्टरवाले आवर्जून सांगतात आणि ते बरोबर आहेत. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. रोडस्टरला छप्पर नसल्यानं हा भार मुख्यतः दाराखालच्या सिलवर येतो. सिल कुजली की गाडी मधून वाकते, दार आणि मागच्या पंख्यामधली (पंखा म्हणजे चाकावरचा पत्रा) फट वरच्या बाजूला अरुंद होते आणि दार लावताना अडकतं. म्हणजे रोडस्टर तक्रार करते. जीटीत छप्पर आधार देतं, त्यामुळे सिल पार सडली तरी दारं आपली छान लागत राहतात. जीटी पाहताना म्हणून दुप्पट संशयी व्हायचं.

सिल कशी बघायची, ते सविस्तर सांगते, कारण या गाडीत पैसे बुडतात ते इथेच. सिल म्हणजे एकच पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि तळाशी कॅसल रेल, अशी ती बंद पेटी असते. चाकांनी उडवलेलं मिठाचं पाणी या पेटीत शिरतं आणि ती आतून खात जातं. बाहेरून रंग चकाचक. मी रुमालात गुंडाळलेलं छोटं चुंबक घेऊन जाते आणि दाराखालून हळूहळू फिरवते. जिथे ते चिकटायचं थांबतं तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग पुढच्या पंख्याचा खालचा, दाराजवळचा टोकाचा भाग बघते. सिल नीट बदलायची तर पंख्याचं हे टोक कापावं किंवा पंखा काढावा लागतो. तिथला मूळ सांधा शाबूत असूनही मालक "सिल नवीन टाकलीय" म्हणत असेल, तर सडक्या सिलवर नवा पत्रा डकवला असण्याची दाट शक्यता. शेवटी मालकाची परवानगी घेऊन जॅकच्या ठरलेल्या जागी जॅक लावायचा, एक बाजू उचलायची आणि दार उघडून परत लावायचं. उचलताना करकर आवाज आला किंवा दाराची फट बदलली, तर चहाला नाही म्हणा आणि निघा.

बाकीचं सगळं दुरुस्त होतं. विटनीमधली ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८पासून मूळ साच्यांवर एमजीबीची पूर्ण नवी बॉडीसुद्धा बनवते, पण ती घेऊन गाडी नव्यानं बांधायची तर खर्च चांगली तयार गाडी घेण्यापेक्षा जास्त होतो. नव्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

बंपरचा वाद आता. १९७४च्या शरदापर्यंत एमजीबीला क्रोमचे बारीक बंपर होते. मग अमेरिकेच्या नियमांसाठी काळे जाडजूड रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच झाली. रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बारही (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) काढून टाकला गेला, म्हणून १९७५-७६च्या गाड्या वळणावर झुलतात. १९७६च्या शरदात बार परत आले, पुढे आणि मागे दोन्हीकडे, आणि डॅशबोर्डही बदलला. जुने शौकीन रबरी बंपरला नाकं मुरडतात, त्यामुळे त्या गाड्या स्वस्त मिळतात. क्रोमची गाडी सुंदर दिसते, हे मीही मान्य करते. पण सडकी क्रोम आणि धड रबरी यांत निवडायचं तर मी डोळे मिटून रबरी घेईन. १९७५नंतर ब्रिटनमध्ये विकलेल्या गाड्यांत ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) कंपनीकडूनच येऊ लागला, हाही एक फायदा. ओव्हरड्राइव्हशिवाय ७० मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला जवळपास ३,९०० फेरे मारत असतं. ओव्हरड्राइव्ह लावला की ३,२००च्या आसपास येतं. लंडनहून लेस्टरला जाताना हा फरक कानांना आणि पेट्रोलच्या बिलाला, दोन्हींना कळतो. क्रोमची घेतलीत तर ओव्हरड्राइव्ह आहे का, आणि चालतो का, हे चालवून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. क्रोमवाल्यांतही १९६७नंतरच्या गाड्या सोयीच्या. त्यांत पहिल्या गिअरलाही सिंक्रो (गिअर खडखड न करता पडायची सोय) आहे आणि डायनॅमोऐवजी अल्टरनेटर.

अमेरिकेतून परत आलेल्या गाड्याही बाजारात खूप दिसतात. कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या हवेत राहिल्यानं पत्रा बहुधा चांगला असतो. मात्र शेवटच्या वर्षांतल्या अमेरिकी गाड्यांना एकच कार्बोरेटर होता आणि इंजिनाची ताकद पार उतरवलेली होती. स्टिअरिंग उजवीकडे आणताना काम कसं केलंय तेही तपासावं लागतं.

एमजीए, मिजेट, एमजीसी आणि व्ही-८ जीटी या एमजीच्या इतर जुन्या गाड्यांचं काय, असं कुणी विचारतंच. एमजीए सगळ्यांत देखणी, पण रोडस्टरला बाहेरून दाराला मूठसुद्धा नाही आणि खिडक्या म्हणजे काढ-घालीचे पडदे. मिजेट गोड आणि स्वस्त, पण सहा फुटी माणसाला तिच्यात शिरणं-उतरणं कसरतीचं. एमजीसीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडरांचं जड इंजिन, जेमतेम ९,००० बनल्या. आत्ताचे राजे चार्ल्स तरुणपणी सी जीटी चालवत. व्ही-८ जीटी फक्त २,५९१ बनल्या आणि त्यांची किंमत तशीच. पहिल्यांदा घेणाऱ्यानं या चारही बाजूला ठेवाव्यात.

चालवण्याच्या खर्चात रोडस्टर आणि जीटी सारख्याच. चाळीस वर्षांवरची गाडी ऐतिहासिक वर्गात नोंदवली की रस्ता कर शून्य होतो, आणि त्या वर्गातल्या गाडीला लंडनचा युलेझ (प्रदूषणाबद्दलचा) आकारही लागत नाही. गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर एमओटीचीही (गाडीच्या वार्षिक तपासणीची) सक्ती नाही. तरी मी दरवर्षी एमओटी करून घेते. तीस-चाळीस पौंड आणि गाडीखाली डोकावणारी दुसरी दोन डोळ्यांची जोडी, यापेक्षा स्वस्त विमा नाही. खऱ्या विम्यात आधी ठरवलेल्या किमतीची पॉलिसी घ्या; नाहीतर अपघातानंतर कंपनी जुन्या गाडीची किंमत तिच्या मनाला येईल तशी लावते. पेट्रोल ई-५ (कमी इथेनॉलचं) घाला. साध्या पंपावरचं ई-१० जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही.

देखभाल घरी जमण्यासारखी आहे. पुढच्या किंगपिनला (चाक वळतं त्या खुंटीला) वेळेवर ग्रीस, व्हॉल्व्हची फट, आणि कार्बोरेटरच्या वरचं टोपण फिरवून आत थोडं पातळ तेल. हे शेवटचं काम दोन मिनिटांचं, पण न केल्यास गाडी ॲक्सिलरेटर दाबताच अडखळते आणि लोक विनाकारण कार्बोरेटर खोलतात. चावी फिरवल्यावर मागून टिक-टिक आवाज आला तर घाबरू नका, तो पेट्रोलचा पंप आहे. कार्बोरेटरची भांडी पेट्रोलनं भरली की गप्प होतो. गप्प झालाच नाही तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी गळतंय. दिवे लुकलुकले की विजेचं सामान बनवणाऱ्या लुकस कंपनीच्या नावानं विनोद करायची इथली प्रथा आहे, पण दहात आठ वेळा दोष गंजलेल्या अर्थिंगच्या टोकाचा असतो. सुटे भाग सगळे मिळतात, अगदी बिल्ल्याच्या स्क्रूपर्यंत. मिस्त्री शोधायचा तर एमजी कार क्लब १९३०पासून आणि एमजी ओनर्स क्लब १९७३पासून चालू आहेत. दोन्हींच्या स्थानिक शाखांत विचारलं की माणूस सापडतो.

खरेदी कधी करायची? रोडस्टर नोव्हेंबरात शोधा, तेव्हा विकणाऱ्याला ती वसंतापर्यंत सांभाळायचा कंटाळा आलेला असतो आणि भाव खाली येतो. जीटीला असा हंगाम नाही, तेव्हा घाई नको. बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन गार ठेवा. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. कोमट लागलं, तर सुरू करायला काय त्रास होतो ते त्यानं तुमच्यापासून लपवलंय.