तान्हं बाळ आणि मांजर: दार बंद, जाळीचं दार की मोकळं घर?

मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं, ही जुनी भीती सोडून द्या. खरी काळजी साधी आहे. मांजराला ऊब हवी असते, बाळ उबदार असतं, आणि तोंडावर आलेलं काही बाजूला सारण्याची ताकद बाळात नसते. पहिले तीन-चार महिने ते बहुधा कूसही बदलत नाही. मांजर अगदी मायेनं त्याच्या तोंडाशी मुटकुळं करून झोपलं तरी धोका तोच. म्हणून पर्याय कुठलाही निवडा, बाळ झोपलेलं आणि जवळ जागं मोठं माणूस नाही, अशा वेळी दोघं एका खोलीत नकोत.

खोलीचं दार बंद ठेवणं सर्वांत सुरक्षित, आणि त्याला काही खर्चही नाही. त्रास होतो तो मांजराला. कालपर्यंत ज्या गादीवर झोपत होतं तिथून आज हकालपट्टी, मग रात्री तीनला दारावर ओरखडे आणि ओरडा. हा मार्ग धरायचा असेल तर बाळ यायच्या महिनाभर आधीच दार बंद करायला लागा, म्हणजे मांजर त्याचं खापर बाळावर फोडणार नाही.

जाळीच्या दारात तो त्रास कमी. मांजराला दिसतं, वास येतो, ऐकू येतं, फक्त आत जाता येत नाही. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६०,०००च्याही पुढे. त्यामुळे बाळाचं रडणं त्याला अंतरावरूनच ओळखीचं झालेलं बरं. आमची मांजरी पहिले तीन दिवस जाळीपासून हातभर लांब बसून होती. अंग स्थिर, कान मात्र प्रत्येक हुंकारासरशी वळायचे आणि शेपटीचं टोक तेवढं हलायचं. चौथ्या दिवशी ती जाळीकडे पाठ करून पंजा चाटत बसली. मांजरानं पाठ फिरवली म्हणजे समजा, जमलं. जाळी धातूची आणि चौकटीच्या वरपर्यंत हवी. कमरेएवढं फाटक म्हणजे त्याच्यासाठी उडी मारायची सोय. पाळण्यावर घालायची जाळी मात्र घेऊ नका. मांजराच्या वजनानं ती खाली झोळते आणि बाळाच्या तोंडावर येऊ शकते.

मोकळं घर दिसायला सर्वांत गोड, निभवायला सर्वांत कठीण. ‘लक्ष आहे’ म्हणजे हाताच्या अंतरावर आणि पूर्ण जागं. रात्रभर न झोपलेल्या आईबापांनी हे वचन स्वतःलाही देऊ नये. त्यापेक्षा दिवसातून एकदा-दोनदा बाळ मांडीवर घ्या आणि मांजराला आपणहून येऊ द्या. उचलून बाळापाशी नेऊ नका. नखं आधीच कापलेली असू द्या. कान मागे गेले, शेपूट आपटायला लागली, की बाळाला घेऊन शांतपणे उठा. मांजराला रागावलात तर त्या रागाची आठवण बाळाशी जोडली जाते.

चौथा सल्ला हमखास मिळतो: काही महिने कुणाकडे तरी ठेवा. मला तो पटत नाही. मांजर जागेला बांधलेलं असतं. एकदा नवं घर, मग परत आल्यावर वास बदललेलं जुनं घर, असे दोन धक्के बसतात. मांजरानं खरोखर हल्ला केला असेल किंवा बाळाच्या डॉक्टरांनीच सांगितलं असेल, तर गोष्ट वेगळी.

लिटर बॉक्सचं, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या डब्याचं काम गरोदरपणातच दुसऱ्या कुणाकडे सोपवा. विष्ठेतले टोक्सोप्लाझ्माचे (पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या परजीवीचे) जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून बॉक्स रोज साफ झाला पाहिजे. मांजर बॉक्सबाहेर, विशेषतः बाळाच्या कपड्यांवर लघवी करू लागलं, तर सूड म्हणण्याआधी पशुवैद्याला दाखवा. बोका कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर तासाभराचीही वाट पाहू नका.

निवड करताना मांजराच्या स्वभावाआधी एक प्रश्न विचारा: रात्री तीनला घरात जागं कोण असतं? दोघंच असाल तर जाळीचं दार. भाड्याच्या घरात ते बसवता येत नसेल तर बंद दार. हाताशी तीन-चार मोठी माणसं असतील तर दिवसा मोकळं, रात्री बंद. आणि जाळी लगेच काढू नका. बाळ रांगायला लागलं की शेपूट ओढणाऱ्या हातापासून सुटायला तीच मांजराच्या उपयोगी पडते.