प्रिन्स ऑफ पर्शिया (१९८९): एवढं नाव झालंय, ते बरोबर आहे का?

उत्तर आधीच देऊन टाकतो. हो, बरोबर आहे. पण सगळे या कॉम्प्युटर गेमचं ज्या कारणासाठी, म्हणजे अ‍ॅनिमेशनसाठी, कौतुक करतात ते कारण मला अर्धवट वाटतं.

नव्वदच्या दशकात म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठल्याही कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या माणसाला हा गेम माहीत असतो, आणि त्याला 'प्रिन्स मेगाहिट' टाईप करून, म्हणजे चीट चालू ठेवून, सुरू करायचा हेही माहीत असतं. मग शिफ्ट एल दाबत लेवल उडवायच्या, शिफ्ट टी दाबत लाईफ वाढवायची, आणि सर यायच्या आत थेट शेवटच्या दुष्मनापर्यंत, जाफरपर्यंत पोचायचं. मजा यायची, नाही म्हणत नाही. पण त्यात गेमचा जीवच निघून जातो, म्हणून आमच्या पिढीला विचारलं की सगळे फक्त अ‍ॅनिमेशनबद्दल बोलतात. यंदा चवथीला डिचोलीला गावच्या घरी होतो, बाहेर पाऊस कोसळत होता, तेव्हा लॅपटॉपवर चीट न टाकता पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलो आणि वाटलं की यावर नीट लिहायला पाहिजे.

अ‍ॅनिमेशन भारी आहेच. गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचा व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम कॉम्प्युटरवर उतरवली. तलवारबाजी १९३८ च्या एका हॉलिवूड सिनेमातल्या द्वंद्वावरून घेतली. म्युझिक वडिलांनी दिलं. म्हणजे एकट्या माणसाचा गेम म्हणतात पण अख्खं घर राबलंय त्यात.

पण नुसतं दिसायला छान असलेले गेम आपण विसरून गेलोच ना. हा टिकला तो घड्याळामुळे असं माझं मत आहे. जाफरच्या कैदेतल्या राजकन्येला वाचवायला ६० मिनिटं, बस्स. लाईफ संपली तर गेम संपत नाही, कितीही वेळा मरा, लेवल परत सुरू होते, पण घड्याळ मागे जात नाही! त्यामुळे मरण्याची शिक्षा म्हणजे गेलेली मिनिटं, आणि ती कुठेच परत मिळत नाहीत. चीट टाकली की हेच जातं, कारण प्लस दाबून मिनिटंही वाढवता येतात. चीटशिवाय खेळताना स्पेसबार दाबून किती वेळ राहिला ते बघायचीसुद्धा भीती वाटते, पाचव्या लेवललाच अर्धा तास गेलेला असला तर पुढे जायचं की पहिल्यापासून सुरू करायचं हा खरा प्रश्न पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अंगाचं वजन. एक मजला पडलात तर काही होत नाही, दोन मजले पडलात तर एक लाईफ जाते, तीन मजले म्हणजे गेलातच. शिफ्ट दाबून चाललं की तो अगदी कडेपर्यंत जाऊन थांबतो, पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून आपण पाऊल चाचपत टाकतो ना, अगदी तसं. आणि जागच्या जागी उडी मारली तर सैल लाद्या हलतात, म्हणजे कुठली लादी खाली पडणार ते आधीच कळतं. हे गेम कुठेच सांगत नाही, तुम्हाला स्वतःला सापडतं, आणि सापडलं की जो आनंद होतो तो आजच्या कुठल्याही ट्युटोरियलमध्ये नाही. माझा भाचा म्हणाला, "मामा, हा ऐकतच नाही, लॅग आहे." लॅग नाही रे, त्याने पळायला सुरुवात केली की थांबायला पण वेळ लागतो, आपल्याला लागतो तसाच. थोड्या वेळाने त्याला जमलं आणि मग लॅपटॉप काही परत मिळेना.

आता सावली. माझ्यासाठी अख्ख्या गेममधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. चौथ्या लेवलला आरसा येतो, त्यातून उडी मारली की तुमच्यातूनच एक सावली बाहेर पडते आणि तुमची एक सोडून सगळी लाईफ घेऊन जाते. पुढच्या लेवलला ती तुमच्यासमोर औषध पिऊन टाकते, त्याच्या पुढच्या लेवलला फाटक बंद करून तुम्हाला खाली पाडते. बाराव्या लेवलला समोर तलवार घेऊन उभी राहते आणि तिला मारलं की लागतं तुम्हालाच. काय करायचं ते सांगत नाही, ज्यांनी नाही खेळलाय त्यांची मजा कशाला घालवू. आणि ही सावली जन्माला आली ती अ‍ॅपल टूची (ज्या जुन्या कॉम्प्युटरवर हा गेम मूळ बनला) मेमरी संपत आल्यामुळे, नव्या पात्राची चित्रं मावेनात म्हणून मेकनरने हिरोचीच चित्रं उलटसुलट करून वापरली. अडचणीतून एवढं सुंदर काही निघालेलं मी दुसऱ्या गेममध्ये बघितलेलं नाही.

खटकतं ते पण सांगतो. डॉसवर, म्हणजे जुन्या पीसीच्या आवृत्तीत, तिसऱ्या लेवलच्या आधी सेव्ह होत नाही, आणि आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे डेस्कटॉपवर खेळणाऱ्याचं कठीण आहे. शेवटच्या काही लेवलमधली तलवारबाजी अडव-मार, अडव-मार एवढीच राहते. राजकन्या पूर्ण वेळ बसून असते, आठव्या लेवलला तिच्याकडचा उंदीर येऊन कळ दाबतो तेवढीच काय ती मदत. आणि काही सापळे असे आहेत की पहिल्यांदा मेल्याशिवाय कळणारच नाहीत, ६० मिनिटांच्या गेममध्ये हे मला अन्यायाचं वाटतं.

तरी माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

खेळायचा असेल तर डॉसबॉक्सवर (जुने डॉस गेम चालवणारा प्रोग्रॅम) चालतो, किंवा चाहत्यांनी बनवलेली याच गेमची आवृत्ती, एसडीएलपॉप घ्या, आजच्या कॉम्प्युटरवर काही खटपट न करता चालतं. मोबाईलवर बघू पण नका, टचच्या बटणांवर शिफ्टचं ते हळू पाऊल जमत नाही आणि तेच गेलं तर उरलं काय. कीबोर्ड पाहिजे, सलग एक तास पाहिजे, आणि मेगाहिट टाईप करायचं नाही.