गुलटेकडीचा भुसार बाजार : घरखर्चाच्या नजरेतून

पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डाचा भुसार, म्हणजे धान्य-डाळींचा, विभाग हा मूळचा घाऊक व्यापाराचा बाजार असला, तरी तेथील अनेक गाळ्यांवर घरगुती गिऱ्हाइकालाही 30 किंवा 50 किलोचा कट्टा मिळतो आणि काही दुकानदार पाच-दहा किलो धान्य सुटेही तोलून देतात. वाढत्या किराणा बिलाला कंटाळलेल्या कुटुंबाने तेथवर जावे का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र काय आणायचे आणि काय नाही, हे घरूनच ठरवून निघावे.

गहू, ज्वारी, तांदूळ आणि तूरडाळ यांसाठी हा बाजार उत्तम आहे. लोकवन आणि सिहोरचा शरबती गहू, मालदांडी ज्वारी असे प्रकार प्रतवारीनुसार शेजारी-शेजारी मांडलेले असतात आणि दुकानात गर्दी नसेल, तर भावातील फरकाचे कारणही समजावून सांगितले जाते. दर्शनी पोत्यातील माल पाहून समाधान मानू नये. आपण नेणार त्याच पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसून दाणे काढून घ्यावेत, तळहातावर पसरून किडका दाणा आणि खडा पाहावा, एखादा दाणा दाताखाली फोडावा. कडकन फुटला तर तो नीट वाळलेला समजावा. तांदूळ घेताना नवा की जुना, हे विचारणे महत्त्वाचे. नवा इंद्रायणी स्वस्त पडतो, पण भात चिकट होतो; वर्षभर मुरलेला तांदूळ महाग असला तरी शिजून अधिक फुलतो, त्यामुळे ताटापर्यंतचा हिशेब केल्यास भावातील तफावत बरीच कमी होते. तूरडाळ बिगर पॉलिशची मागावी. नवी तूर साधारण डिसेंबर-जानेवारीपासून आणि गहू व रब्बी ज्वारी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येते, तेव्हा खरेदी त्या सुमारास केलेली बरी.

कराचाही थोडा विचार करावा. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या धान्य, डाळ आणि पिठावर 5 टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या तोललेल्या मालाला आणि त्याहून मोठ्या पोत्याला तो नाही. तांदळाच्या 26 किलोच्या पिशव्या एकाएकी का दिसू लागल्या, हे यावरून ध्यानात येईल.

शेंगदाणे, रवा, बेसन आणि पोहे मात्र येथून मोठ्या प्रमाणात आणू नयेत. पावसाळी हवेत रव्याला अळ्या होतात, दाणे खवट होतात आणि वाचवलेले पैसे कचऱ्यात जातात. धान्यही कडक उन्हात वाळवून, कोरड्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवावे लागते. डाळीला एरंडेल चोळण्याची जुनी रीत आजही उपयोगी पडते. हमाली आणि रिक्षाभाडे धरले, तर पाच किलोसाठी केलेली फेरी अंगावर येते, म्हणून दोन शेजारी घरांनी मिळून कट्टा वाटून घेणे सोयीचे.

खरी बचत मात्र दुकानात नव्हे, ओट्यापाशी होते. कोठीत गहू-डाळ भरून ठेवायची आणि आठवड्यातून तीनदा जेवण बाहेरून मागवायचे, तर या खटाटोपाला अर्थ नाही. घरात ज्वारी, डाळ आणि तांदूळ असले, की पिठलं-भाकरी, आमटी-भात किंवा मुगाच्या खिचडीवर संध्याकाळ निभावते. एक वाटी उडीद डाळ आणि तीन वाट्या इडली तांदूळ भिजवून वाटले, तर इडलीच्या तयार पिठाचे पाकीट विकत घ्यावे लागत नाही. गिरणीतून दळून आणलेल्या कणकेत कोंडा शाबूत राहतो, हा वेगळा फायदा.

चार-पाच माणसांच्या, रोज पोळी-भाकरी होणाऱ्या घराला मी हा बाजार निःसंकोच सुचवेन. एकट्या राहणाऱ्या किंवा घरात साठवणीला कोरडी जागाच नसलेल्या माणसाने मात्र कोपऱ्यावरच्या वाण्याकडून महिन्यापुरते सुटे धान्य घ्यावे.