गोव्यातल्या नेत्रावळीचा कुळागरातला होमस्टे: 4 स्टार, एक का कापला तेही वाचा

रेटिंग आधीच देऊन टाकते, 5 पैकी 4. आम्ही फोंड्याहून जानेवारीत गेलो, म्हणजे धबधब्यांचा सीझन कधीच संपलेला, सावरी धबधब्याला पाणी बारीक, आणि तरी घरातल्या तिन्ही खोल्या भरलेल्या, हेच मला भारी वाटलं. कारण सांगे तालुक्यात कसं आहे, सगळं एकाच खुंटीला टांगलेलं असतं. 2012 ला लोखंडाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकवाले, गॅरेजवाले, चहाचे गाडे सगळेच घरी बसले. मग लोक पावसाळी गर्दीकडे वळले, तर जुलै 2023 मध्ये मैनापी धबधब्यावर दोघं बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यातले धबधबेच बंद केले, ते पण ऐन सीझनला. यजमान स्वतः खाणीवर ट्रक चालवायचे, त्यामुळे परत एकाच गोष्टीवर पोट ठेवायचं नाही हे त्यांनी पक्कं ठरवलेलं दिसतं.

म्हणून इथे पाहुण्यांना मुख्य दाखवतात ते कुळागर, म्हणजे घराजवळची पाटाच्या पाण्यावरची मिश्र बाग. पोफळी, माड, केळी, पोफळीवर चढलेले मिरीचे वेल, आणि ओहोळाचं पाणी पाटाने फिरवलेलं. मिरीच्या घोसात एखादा दाणा लाल झाला की अख्खा घोस उतरवायचा, हे त्यांच्या आईने दाखवलं आणि माझ्या मुलाला दोन घोस काढायलाही दिले (तो अजून शाळेत सांगत फिरतोय). मी विचारलं, अजून चार खोल्या का नाही बांधत, मागणी तर आहे. तर म्हणाले, मे महिन्यात हेच पाणी वाडीवर पाळी लावून सोडतात, पाहुण्यांच्या शॉवरला वळवलं तर पोफळी सुकणार आणि शेजाऱ्यांशी भांडण वेगळं. सरकारी प्लॅनमध्ये पाण्याचा असा हिशोब कोणी मांडतं का कोण जाणे.

जेवण एक नंबर. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी आळसांद्याचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची नारळाच्या वाटणातली भाजी), तांबडी भाजी, सोलकढी. वहिनी "आनीक भात घालूं?" विचारतात आणि उत्तराची वाट न बघता वाढतात. तांदूळ, भाजी, नारळ सगळं वाड्यावरचंच, त्यामुळे आपले पैसे चार घरांत फिरतात.

याच्या उलट गावातल्या बुडबुड्यांच्या तळीवर (टाळ्या वाजवल्या की पाण्यात बुडबुडे येतात ती) पाहिलं. एका टूर एजन्सीची बस आली, लोकांनी टाळ्या वाजवून बुडबुडे बघितले, रील काढली, मडगावहून आणलेले जेवणाचे डबे खाल्ले आणि प्लेटी तिथेच टाकून निघून गेले, गावाला मिळाला तो फक्त कचरा. याला कोण टुरिझम म्हणेल ते म्हणो.

आता कापलेला स्टार. एक तर घरामागे प्लास्टिक जाळत होते, वास खोलीपर्यंत आला. पाणी तांब्यातून देता, बाटल्या ठेवत नाही, मग हे कशाला? मी तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, बघू. दुसरं, गरम पाणी सकाळी लाकडावर तापतं, उशिरा उठलात तर गारच.

अजून एक, हे त्यांच्या हातातलं नाही. शेजारच्या घरालाही पाहुणे ठेवायचे आहेत, बाई सुगरण आहे, पण घर भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीवर, कागद नावावर नाहीत, मग रजिस्ट्रेशन कुठून करणार? गावडा, कुणबी, वेळीप समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 मध्ये मिळाला, तरी या भागात घराच्या आणि जंगलजमिनीच्या कागदांचं घोंगडं कितीतरी घरांचं भिजतच आहे. होमस्टेच्या स्कीमा कागदवाल्यांनाच लागतात, त्यामुळे ज्याच्याकडे आधीच काही आहे तोच पुढे जातो. ट्रेनिंग देण्याआधी घराच्या कागदांचं बघा की.

जाणार असाल तर केपे-तिळामळ-रिवण मार्गे जा, रस्ता बरा आहे. रिवणनंतर नेटवर्क जातं, मॅप आधीच डाउनलोड करा, रोख पैसे ठेवा, आणि जेवणाचं आदल्या दिवशी सांगा, आयत्या वेळी मासे मागितले तर मिळणार नाहीत.